न पाहिलेल्या हिमाची चित्रे

दिल्लीच्या नैर्ऋत्येला विसाव्या शतकाच्या अखेरीस जी उपनगरी उभी राहिली, तिचे आरंभीचे नाव पप्पनकलां असे होते. पुढे तिला द्वारका हे नाव मिळाले. समुद्रापासून हजार-एक किलोमीटर दूर आणि समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांहून उंच असलेल्या ह्या वस्तीला समुद्राने गिळलेल्या नगरीचे नाव मिळावे, ह्यात एक योगायोग दडलेला आहे. मौसलपर्वातील द्वारका पाण्याखाली गेली ती कोणी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तरीही ती बुडाली हे भारतातल्या बहुतेक प्रत्येक घराला ठाऊक आहे. कथेने, कीर्तनाने, चित्राने आणि खेळाने ते त्या घरांपर्यंत पोहोचविले. उलट, दक्षिण ध्रुवाभोवतीच्या खंडावर जे हिम साठलेले आहे ते सगळे वितळले तर जगातील समुद्राची पातळी सुमारे ५८ मीटरांनी वाढेल, हा निष्कर्ष मोजमापांवर उभा असूनही फारच थोड्या घरांत शिरलेला आहे. जे न पाहता कळते आणि जे सिद्ध होऊनही कळत नाही, ह्या दोहोंमधील अंतर कलेने कसे आणि कितपत भरून काढले, ह्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

ह्या इतिहासाच्या आरंभीच एक चित्रकार भेटतो आणि तो पुढे थेट भारतात येतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. कॅप्टन जेम्स कुकची दुसरी सफर १७७२ मध्ये निघाली. दक्षिणेकडे एखादे समृद्ध महाखंड आहे की नाही ह्याचा कायमचा निकाल लावणे, हा तिचा हेतू होता. जोसेफ बँक्स ह्या निसर्गशास्त्रज्ञाने आपल्याबरोबर योहान झोफानी ह्या चित्रकाराला नेण्याचे ठरविले होते. पण बँक्सने ऐन वेळी अंग काढून घेतले आणि ब्रिटिश नौखात्याने विल्यम हॉजेस ह्या तरुण चित्रकाराची नेमणूक केली. १७ जानेवारी १७७३ रोजी कुकच्या जहाजांनी दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. त्यापूर्वी असे कोणी केल्याची नोंद नाही. त्याच जानेवारीत खलाशांनी होड्या घालून तरंगत्या हिमनगांचे तुकडे गोळा केले, ते वितळविले आणि ते पाणी गोडे निघाले. हॉजेसने हा प्रसंग जलरंगात उतरविला. चित्रात जहाजे लहान आहेत, हिमनग मोठा आहे आणि माणसे कामात गुंतलेली आहेत. समुद्रात तरंगणारे हे डोंगर मिठाच्या पाण्याचे नाहीत, ते जमिनीवर पडलेल्या बर्फाचे असले पाहिजेत, ह्या पुढच्या काळात पक्क्या झालेल्या विचाराचे बीज त्या साध्या दृश्यात आहे.

हॉजेस १७८० मध्ये मद्रासला उतरला आणि १७८३ पर्यंत भारतात राहिला. वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने त्याने बंगाल, बनारस, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील दृश्ये रंगविली. ती पुढे कोरीव प्रतींच्या रूपाने युरोपात पोहोचली. आणखी योगायोग असा की ज्याचे स्थान हॉजेसला मिळाले तो झोफानीही त्याच दशकात लखनौ आणि कलकत्ता येथे येऊन राहिला. दक्षिण समुद्रातील हिमनगांवर पडणारा थंड प्रकाश आणि गंगेच्या घाटांवरचे धुळीने मऊ झालेले ऊन, ही दोन्ही दृश्ये युरोपीय डोळ्यांसमोर प्रथम मांडणाऱ्यांत एकच हात होता, असे म्हणता येईल. परंतु ज्या देशात तो तीन वर्षे वावरला, त्या देशातील लोकांना त्याची हिमाची चित्रे पाहायला मिळाली नाहीत. दूरच्या प्रदेशांच्या चित्रांचा प्रवास तेव्हा एकाच दिशेने होत असे. साम्राज्याच्या केंद्राला परिघ दाखविणे हेच त्यांचे काम होते. परिघावरच्या एका माणसाला दुसरा परिघ दाखवावा, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

एकोणिसाव्या शतकात ध्रुवप्रदेशांचे चित्र दोन वाटांनी गेले. पहिली वाट कल्पनेची. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हीट फ्रीडरिख ह्याने १८२३-२४ मध्ये हिमसमुद्राचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात बर्फाच्या फळ्या एकमेकींवर चढून एखाद्या भग्न मंदिरासारख्या उभ्या आहेत आणि त्यांच्याखाली एक जहाज चिरडले गेले आहे. फ्रीडरिख उत्तर ध्रुवाकडे कधी गेला नव्हता. एल्ब नदीवरील हिवाळी बर्फाचा अभ्यास करून त्याने हे चित्र रचले. दुसरी वाट प्रत्यक्षाची. अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च १८५९ मध्ये न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यांवर जाऊन हिमनगांची असंख्य रेखाटने घेऊन आला आणि त्यांतून १८६१ मध्ये त्याचे मोठे तैलचित्र सिद्ध झाले. पहिल्या वाटेने भय आणि भव्यता दिली. दुसरीने रंगांचा हिशेब दिला. बर्फ पांढरे नसते, त्यात निळा, हिरवा, राखाडी आणि संध्याकाळी गुलाबी रंग असतो, हे युरोपीय प्रेक्षकाला अशा चित्रांनी शिकविले.

महाराष्ट्रात ह्याच सुमारास ध्रुवाशी एक निराळा संबंध जुळला. तो चित्रातून नव्हे तर काव्यातून जुळला. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातील उषेच्या सूक्तांत पहाट दीर्घकाळ रेंगाळते, अनेक उषा एकामागून एक येतात, ह्या वर्णनांचा अर्थ लावण्यासाठी टिळकांनी ध्रुवप्रदेशाचे खगोल आणि भूगर्भशास्त्र अभ्यासले. ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र का होते, तेथील सूर्य क्षितिजावर गोल का फिरतो, पहाट महिना-दीड महिना का टिकते, हे त्यांनी एका स्वतंत्र प्रकरणात मांडले. आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ होते हा त्यांचा सिद्धान्त पुढील संशोधनापुढे टिकला नाही. तरीही ह्या ग्रंथाचे एक वेगळे महत्त्व उरते. ज्या समाजाने हिम म्हणजे पुराणातला हिमालय आणि पावसाळ्याआधीची गार एवढेच जाणले होते, त्यातील सुशिक्षित वाचकाला ध्रुवावरची पहाट कशी असते हे प्रथम सविस्तर कळले ते ह्या वादाच्या निमित्ताने. त्याचबरोबर ह्या प्रकरणाने एक इशाराही दिला. काव्यातील वर्णन कितीही जुळणारे वाटले तरी ते पुरावा होत नाही. जुळणी मोहक असते आणि पुरावा बहुधा रुक्ष असतो.

मोह आणि पुरावा ह्यांचा हा ताण ज्याच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतो तो एडवर्ड विल्सन. १८७२ मध्ये जन्मलेला हा इंग्रज डॉक्टर, पक्षिशास्त्रज्ञ आणि चित्रकार रॉबर्ट स्कॉटच्या दोन्ही मोहिमांत, म्हणजे १९०१-०४ आणि १९१०-१३ ह्या काळात, दक्षिण ध्रुवखंडावर होता. तेथे जलरंग उघड्यावर वापरता येत नसत, कारण कुंचल्यावरचे पाणीच गोठे. म्हणून विल्सन हातमोजा काढून काही क्षण शिसपेन्सिलीने रेषा ओढी, कोठे कोणता रंग आहे हे शब्दांत टिपून ठेवी आणि झोपडीत परतल्यावर दिव्याच्या उजेडात रंग भरी. चष्मा काढून रेखाटत बसल्यामुळे त्याला हिमांधत्वाच्या वेदना वारंवार सोसाव्या लागल्या. सूर्याभोवती पडणारी खळी आणि आभासी सूर्य तो कोन मोजून काढी, त्यामुळे त्याची चित्रे हवेतील हिमकणांच्या अभ्यासाला उपयोगी पडली. त्याच्या लेखी सुंदर दिसणे आणि अचूक असणे ह्या दोन वेगळ्या मागण्या नव्हत्या.

१९११ च्या दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड असे तिघे सम्राट पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले. अखंड काळोखात तापमान शून्याखाली ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. परतताना त्यांच्याजवळ तीन अंडी उरली होती. ह्या अंड्यांतील गर्भांवरून सरपटणारे प्राणी आणि पक्षी ह्यांतील दुवा सापडेल, अशी विल्सनची अपेक्षा होती. ती पुढे खरी ठरली नाही. पुढच्याच वर्षी ध्रुवावरून परतताना विल्सन, बॉवर्स आणि स्कॉट एकाच तंबूत मरण पावले. परतीच्या वाटेवर, अन्न संपत आले असताना, त्यांनी बिअर्डमोर हिमनदीच्या बाजूच्या खडकांतून सुमारे १६ किलो दगड गोळा केले होते आणि ते अखेरपर्यंत घसरगाडीवरून उतरविले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस ह्या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे होते.

येथे ध्रुवाची कथा अकस्मात विदर्भाला येऊन मिळते. जिभेच्या आकाराच्या ह्या पानाला ग्लॉसोप्टेरिस हे नाव १८२८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राँग्न्यार ह्याने दिले. त्यासाठी त्याने वापरलेले नमुने भारतातील आणि ऑस्ट्रेलियातील होते. नागपूरजवळच्या कामठीच्या वालुकाश्मांत आणि वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांबरोबर हीच वनस्पती सापडते. मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून त्या खडकांना गोंडवन हे नाव पडले आणि पुढे एडुआर्ट झ्यूस ह्याने एकेकाळी जोडलेल्या दक्षिणेकडील भूभागांना गोंडवनभूमी म्हटले. १९१४ मध्ये ॲल्बर्ट सिवर्ड ह्याने विल्सनच्या दगडांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा ध्रुवखंडही त्याच भूमीचा भाग होते, ह्याला मोठा आधार मिळाला. पानाच्या शिरांचे जाळे कसे आहे, मधली शीर किती जाड आहे, हे नीट रेखाटता आले नसते तर दोन खंडांतील पाने एकच आहेत असे सांगता आले नसते. वनस्पतिशास्त्रातील रेखाटन ही सजावट नव्हे, ते युक्तिवादाचे अंग आहे. चंद्रपूरच्या खाणीत काम करणाऱ्या मजुराच्या फावड्याखाली जे पान येते, ते आणि स्कॉटच्या गाडीवरचे पान एकच आहे, हे मराठी शाळेच्या भिंतीवर एका चित्रात दाखविता येईल. तेवढ्याने दक्षिण ध्रुव नकाशाच्या तळाशी असलेला परका पांढरा पट्टा राहणार नाही.

विल्सनच्या काळातच छायाचित्राने चित्राची जागा घ्यायला सुरुवात केली होती. हर्बर्ट पाँटिंग हा त्याच मोहिमेत होता. १९१५ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टनचे ‘एंड्युरन्स’ हे जहाज बर्फात चिरडले गेले तेव्हा फ्रँक हर्लीने बुडत्या जहाजातून आपल्या काचेच्या पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांपैकी सुमारे १२० राखल्या आणि सुमारे ४०० फोडून टाकल्या, कारण वजन वाहून नेणे शक्य नव्हते. ठेवायचे काय आणि फोडायचे काय, हा निर्णय त्याला बर्फावर बसून घ्यावा लागला. हाच हर्ली पुढे दोन-तीन पट्ट्या जोडून एकच नाट्यमय दृश्य तयार करी आणि त्यावर टीकाही झाली. छायाचित्र खोटे बोलत नाही हा समज ध्रुवावरच्या छायाचित्रकलेने फार लवकर ढिला केला.

भारताचा ध्रुवाशी प्रत्यक्ष संबंध ह्यानंतर कित्येक दशकांनी आला. जुलै १९८१ मध्ये महासागर विकास विभाग स्थापन झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला डॉ. सय्यद जहूर कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ‘पोलर सर्कल’ ह्या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली. ९ जानेवारी १९८२ रोजी ती ध्रुवखंडावर उतरली. १९८३ मध्ये भारताने अंटार्क्टिक करारावर सही केली. त्याच वर्षी डिसेंबरात निघालेल्या, डॉ. हर्ष गुप्ता ह्यांच्या नेतृत्वाखालील तिसऱ्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले स्थानक उभारले. ह्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया होत्या: भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. सेनगुप्तांनी आपल्या अनुभवावर बंगालीत पुस्तक लिहिले. पंतांचे काम समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींवरचे. ध्रुवसमुद्राचे सगळे जीवन ह्या डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरवळीवर उभे असते. पण पेंग्विनचे चित्र सगळ्यांना ठाऊक असते आणि ह्या हिरवळीचे कोणालाच नसते. कोणत्या गोष्टीचे चित्र निघते आणि कोणत्या गोष्टीचे निघत नाही, ह्यावर लोकांचे ज्ञान किती अवलंबून असते, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

भारतीय मोहिमांनी लोकांशी संवाद साधला तो प्रामुख्याने नावांतून. दक्षिण गंगोत्री, मैत्री, प्रियदर्शिनी सरोवर, भारती, उत्तरेकडील हिमाद्री आणि हिमालयातील हिमांश, ही यादी एखाद्या काव्यसंग्रहाच्या अनुक्रमणिकेसारखी वाटते. स्कॉट, मॅकमर्डो, हॅली अशी माणसांची नावे तेथे इतरांनी ठेवली. आपण गंगेचे उगमस्थान दक्षिण ध्रुवावर नेले. बर्फाच्या तरंगत्या कड्यावर बांधलेली दक्षिण गंगोत्री दरवर्षीच्या हिमवर्षावाखाली हळूहळू गाडली गेली आणि १९९० मध्ये ती सोडून द्यावी लागली. तोपर्यंत, १९८९ मध्ये, शिरमाखर ह्या उघड्या खडकाळ भागावर मैत्री उभे राहिले होते. मालवाहू पेट्यांतून रचलेले भारती हे स्थानक २०१२ मध्ये सुरू झाले, तर स्वालबार्डवरील न्यु-ओलेसुंड येथील हिमाद्री २००८ मध्ये.

दुसरे माध्यम टपालाचे. पहिल्या मोहिमेवरचे तिकीट १९८३ मध्ये निघाले. ध्रुवप्रदेश आणि हिमनद्या ह्यांच्या जतनासाठीची तिकिटे २००९ मध्ये निघाली. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीवर गोव्याच्या डाक विभागाशी जोडलेले टपाल कार्यालय उघडले, १९९० मध्ये ते मैत्रीवर गेले आणि २०२४ मध्ये भारतीवर नवे कार्यालय सुरू झाले. त्याला प्रायोगिक तत्त्वावर ‘एमएच-१७१८’ असा महाराष्ट्र परिमंडळाचा सांकेतांक मिळाला. अंगठ्याएवढ्या कागदावरच्या ह्या चित्रांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत ध्रुव नेला, ही गोष्ट लहान मानू नये. मात्र तिकीट अभिमान सांगते, प्रक्रिया सांगत नाही. आपण तेथे पोहोचलो हे त्यावरून कळते. तेथे काय घडते आहे हे कळत नाही.

तेथे काय घडते, हे सांगण्यासाठी मराठीला शब्दही घडवावे लागले. दख्खनच्या पठारावरच्या भाषेजवळ गारठा, दहिवर, गार, धुके, शिरवा असे ओल्या-थंड अनुभवाचे शब्द होते. साचून वाहणाऱ्या हिमाचे नव्हते. हिमनदी, हिमनग, हिमस्तर, हिमगाभा असे शब्द विश्वकोशाने, परिभाषाकोशांनी आणि पाठ्यपुस्तकांनी रुळविले. त्यांत हिमनदी हा शब्द विशेष लक्षणीय आहे, कारण त्यात हिम घन असूनही वाहते, हा सिद्धान्तच सामावलेला आहे. तरीही शब्द आहे म्हणजे चित्र आहे, असे नव्हे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा आणि धौलीगंगा ह्या नद्यांतून जो लोंढा आला आणि ज्यात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली वा बेपत्ता झाली, त्याची पहिली बातमी ‘हिमनदी फुटली’ अशी होती. हिमनदी फुटत नाही. उपग्रहांच्या चित्रांवरून पुढे स्पष्ट झाले की रोंती शिखराच्या कड्यावरून खडक आणि हिम ह्यांचा सुमारे पावणेतीन कोटी घनमीटरांचा तुकडा निखळून दरीत कोसळला होता आणि घर्षणाने त्यातील हिम वितळून चिखलाचा लोंढा झाला होता. ज्यांच्या मनात हिमनदीचे चित्रच नव्हते, त्यांनी धरणाचे चित्र उसने घेतले. अशा उसनवारीची किंमत सूचना-यंत्रणेला आणि खोऱ्यात राहणाऱ्यांना मोजावी लागते.

हिमालयाच्या बाबतीत एका चित्रकाराने शास्त्राशी घर जोडण्याचा प्रयत्न फार पूर्वी केला होता. रशियन चित्रकार निकोलस रोरिख १९२८ पासून कुलूजवळच्या नग्गर येथे राहिला आणि त्याने तेथे ‘उरुस्वती’ ही हिमालय-संशोधन संस्था चालविली. वनस्पती, औषधी, भाषा आणि पुरातत्त्व ह्यांचा अभ्यास आणि शेजारच्या खोलीत शिखरांची शेकडो चित्रे, असा तो प्रकार होता. संस्था फार वर्षे टिकली नाही, चित्रे टिकली. रोरिखची शिखरे आध्यात्मिक आहेत आणि त्यांवरून हिमरेषा मोजू नये हे खरे. पण शास्त्र आणि चित्र एका छपराखाली नांदू शकतात, ह्याचा तो भारतातील दाखला आहे. २०१६ मध्ये गोव्यातील ध्रुवीय संशोधन केंद्राने स्पितीत चार हजार मीटरांहून उंचावर हिमांश हे स्थानक उभारले; तेथे हिमनद्यांचे वस्तुमान वर्षागणिक मोजले जाते. दिल्लीला पाणी पुरविणारी यमुना त्याच पर्वतातील हिमातून निघते. द्वारकेच्या नळात येणाऱ्या पाण्याचा हिमाशी संबंध आहे, हे सांगायला दक्षिण ध्रुवापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

अलीकडच्या दशकांत जगभरच्या कलावंतांनी ध्रुवशास्त्राशी थेट व्यवहार केला. ओलाफुर एलियासन ह्याने भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग ह्याच्या साह्याने ग्रीनलंडच्या पाण्यातून उचललेले हिमखंड २०१४ मध्ये कोपनहेगनच्या, २०१५ मध्ये पॅरिसच्या आणि २०१८ मध्ये लंडनच्या चौकांत मांडले. लोकांनी त्यांना हात लावला, कान लावला आणि अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे फुटताना ऐकले. एड हॉकिन्स ह्या हवामानशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये वर्षागणिक तापमानाच्या निळ्या-तांबड्या पट्ट्या रचल्या. त्यात एकही आकडा नाही, आणि तरी डावीकडून उजवीकडे जाणारा डोळा सगळे समजतो. दिल्लीत वाढलेल्या हिमाली सिंह सोईन ह्या कवयित्री-चित्रपटकर्तीने दोन्ही ध्रुवांवर जाऊन हिमालाच साक्षीदार आणि निवेदक करणारी एक कृतिमाला रचली आणि २०१९ मध्ये तिला लंडनचे फ्रीझ पारितोषिक मिळाले. ध्रुवाच्या आजवरच्या कथा विजेत्यांच्या होत्या. येथे ज्या देशांनी ध्रुवावर झेंडे रोवण्याची स्पर्धा केली नव्हती, त्यांच्याकडून एक वेगळी पुराणकथा सांगितली जाते. हॉजेसच्या काळात चित्रांचा प्रवास एकाच दिशेने होत होता, तो आता उलट दिशेनेही होऊ लागला आहे.

तथापि अशा कलेविषयीचे आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. हिमखंड जहाजातून आणि ट्रकमधून शहरात आणताना जे इंधन जळते त्याचे काय, हा प्रश्न एलियासनलाही विचारला गेला आणि त्याला त्याचा हिशेब द्यावा लागला. दुसरा आक्षेप सौंदर्याविषयीचा: वितळणारा हिमनग इतका देखणा दिसतो की पाहणारा हळहळतो आणि तेवढ्यावरच समाधान मानतो. तिसरा आक्षेप शास्त्राचा आहे. समुद्रात आधीच तरंगणारे हिम वितळले तर समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, जमिनीवरचे हिम समुद्रात आले तर वाढते. पेल्यातला बर्फ आणि काठावर ठेवलेला बर्फ ह्यांतला हा भेद आहे. एकाकी अस्वल तरंगत्या तुकड्यावर उभे असलेले चित्र हजारो वेळा छापले गेले आणि ह्या भेदावर त्याने पांघरूणच घातले. चित्र जितके परिणामकारक, तितकी त्याची चूक दूरवर जाते, हे हर्लीच्या जोडचित्रांपासून आजपर्यंत तसेच आहे.

म्हणून प्रश्न कलेने शास्त्राला सजवावे की नाही हा नाही. सांगणे आणि दाखविणे ह्यांचा सांधा कोणी जुळवायचा हा आहे. द्वारकेच्या सातव्या सेक्टरमध्ये सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र आहे. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि कपिला वात्स्यायन ह्यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ह्या केंद्रात देशभरच्या शाळांतील शिक्षक येतात आणि बाहुल्यांचा खेळ, हस्तकला, गाणे, चित्र ह्यांचा वर्गातल्या अध्यापनाशी मेळ कसा घालावा हे शिकतात. ध्रुवविज्ञान हा त्या केंद्राचा विषय नव्हे; परंतु शिक्षकाच्या हाती कला हे साधन म्हणून देणे, हा त्याच्या स्थापनेचा हेतूच आहे. त्याच शहरात लोदी रस्त्यावर भूविज्ञान मंत्रालय आहे, ज्याच्या अखत्यारीत गोव्याचे ध्रुवीय केंद्र येते. दोन्ही सरकारीच, दोन्ही दिल्लीत. एकाजवळ सांगायचे आहे आणि दुसऱ्याजवळ सांगण्याची रीत आहे.

ही रीत महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. परशुराम गंगावणे ह्यांना तिच्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रांची एक पोथी असते. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, वीणा, टाळ आणि हुडुक ह्यांच्या साथीवर त्याचे निवेदन करतो, मग पुढचे चित्र उचलतो. चित्र एकटे नसते आणि शब्दही एकटा नसतो. ऐकणाऱ्याला शंका आली तर निवेदक थांबतो, पुन्हा सांगतो. पिंगुळीच्या श्रोत्यांपैकी कोणीही लंका पाहिलेली नव्हती, तरी ती सोन्याची होती, समुद्रापलीकडे होती आणि एका रात्रीत जळाली, ह्याविषयी कोणाच्या मनात संभ्रम नव्हता.

चित्रकथीत आणि विल्सनच्या वहीत एक साम्य आहे, ते वरवर दिसत नाही. विल्सन चित्राच्या कडेला शब्द लिहून ठेवी, कारण रंग पुढे भरायचे असत. चित्रकथीत चित्र शब्दासाठी जागा ठेवते, कारण अर्थ पुढे भरायचा असतो. शास्त्राला आज नेमक्या अशा अपुऱ्या, विचारणा करू देणाऱ्या चित्रांची गरज आहे. आठ लाख वर्षांची हवा ज्यात बंद आहे त्या हिमगाभ्याचे थर, तरंगते हिम आणि जमिनीवरचे हिम ह्यांतला भेद, उत्तर ध्रुवसमुद्रावरील हिमाचे घटणे आणि आपल्या पावसाची चाल ह्यांत शास्त्रज्ञ शोधू पाहत असलेला संबंध, कामठीचे पान आणि बिअर्डमोरचे पान: ह्यांतील प्रत्येक गोष्ट एका पोथीतील चार-पाच पानांची आहे. त्यांतील कोणती निश्चित आहे आणि कोणती अजून तपासली जात आहे, हे सांगणारा निवेदक मात्र सोबत हवा. टिळकांच्या ग्रंथाने शिकविलेला धडा तोच आहे.

मुरगावच्या बंदरातून १९८१ मध्ये जहाज निघाले तेव्हा ते कोठे चालले आहे ह्याची वाच्यता फारशी केली गेली नव्हती. त्या वेळी तो राजनीतीचा भाग होता. त्यानंतरच्या चाळीसहून अधिक वर्षांत मोहिमा दरवर्षी जात राहिल्या, अहवाल साठत गेले, आणि दक्षिण गंगोत्री हिमाखाली गेली ती गेलीच. तिचे दार, तिच्या खिडक्या, तेथे पहिला हिवाळा काढणाऱ्या बारा जणांनी पाहिलेला काळोख, हे सारे आता मोजक्या छायाचित्रांत आणि काही माणसांच्या आठवणींत आहे, आणि ती माणसे वृद्ध होत आहेत. हिमाने गाडलेले स्थानक पुन्हा वर येणार नाही. त्या काळोखाची पोथी मात्र अजून रचता येईल. ती रचणारे हात आणि ती सांगणारा आवाज एकत्र आणण्याचे काम ज्यांचे आहे, त्यांच्यापाशी त्यासाठी फार वर्षे उरलेली नाहीत.